खाज गेली, चुरचुर राहिली: ॲलर्जीच्या ड्रॉप्समुळे डोळे कोरडे पडतात तेव्हा

ॲलर्जीचे ड्रॉप्स सुरू केले की पहिले काही दिवस बरे जातात. खाज कमी होते, पापण्यांची सूज उतरते, सारखे डोळे चोळावेसे वाटत नाहीत. मग हळूहळू वेगळंच काहीतरी सुरू होतं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. वाचताना अक्षरं पुसट होतात आणि पापण्या मिटून उघडल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. पंख्याच्या वाऱ्यात बसवत नाही. बहुतेक जण ही ॲलर्जीच समजतात आणि तेच ड्रॉप्स दिवसातून आणखी एकदा घालायला लागतात. त्याने त्रास वाढतो, कारण आता डोळ्यांत दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात आणि उपाय मात्र एकीवरच होतो.

म्हणून आधी खाज आणि चुरचुर वेगळी ओळखायला शिकावं. ॲलर्जीची खाज नाकाकडच्या कोपऱ्यात जास्त असते, चोळलं की क्षणभर बरं वाटतं आणि लगेच दुप्पट खाजतं. सोबत पातळ पाणी किंवा दोऱ्यासारखी ओढली जाणारी पांढरट चिपडं येतात, अनेकदा शिंकाही येतात. कोरडेपणात खाज कमी, जळजळ आणि खुपणं जास्त. तो दिवस चढेल तसा वाढतो, स्क्रीनसमोर आणि एसीत वाढतो, डोळे मिटून बसलं की शमतो. कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहू शकतं, हे अनेकांना पटत नाही. पृष्ठभाग कोरडा पडून टोचायला लागला की अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते, पण ते नुसतं पाणी असतं, टिकत नाही, गालावर ओघळून जातं.

घरी करण्यासारखी एक ढोबळ चाचणी आहे. दोनतीनदा नीट पापण्या मिटून उघडायच्या, मग न मिटता समोर बघत सेकंद मोजायचे. पुसट दिसायला किंवा टोचायला लागेपर्यंत किती सेकंद गेले ते बघायचं. पुन्हा पुन्हा दहाच्या आतच डोळे मिटावेसे वाटत असतील तर अश्रूंचा थर लवकर फाटतोय असा अंदाज बांधता येतो. डोळ्यांचे डॉक्टर हेच फ्लुरोसिनचा पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात बघून करतात. तिथेही दहा सेकंदांपेक्षा कमी वेळ टिकणारा थर कमकुवत धरतात. शर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणीच कमी तयार होतंय असं समजतात. ॲलर्जीच्या ड्रॉप्समुळे झालेल्या कोरडेपणात पट्टी पुष्कळदा बरी भिजते, तरी थर मात्र लवकर फाटतो.

याचं कारण थराच्या रचनेत आहे. डोळ्यावर पसरलेले अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळाला चिकटून म्युसिनचा बुळबुळीत भाग असतो, तो नेत्रश्लेष्मेतल्या, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यातल्या, गॉब्लेट पेशी बनवतात. त्यावर पाणी असतं आणि सगळ्यात वर तेलाची पातळ साय. हे तेल पापण्यांच्या कडांतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. ॲलर्जीची सूज स्वतःच हा थर बिघडवते. त्यात ड्रॉप्सची दोन अंगांनी भर पडते.

पहिलं अंग म्हणजे प्रिझर्वेटिव्ह, आणि मला विचाराल तर बहुतेकांच्या बाबतीत मुख्य भानगड हीच असते. एकाच बाटलीतून महिनाभर थेंब घालायचे तर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी घालावं लागतं. सर्वाधिक वापरलं जातं ते बेन्झाल्कोनियम क्लोराइड. ते साबणाच्या जातीचं रसायन आहे. जंतूंच्या पेशींचं आवरण फोडतं, तसंच तेलाची साय फोडतं, बुबुळावरच्या वरवरच्या पेशी सैल करतं आणि गॉब्लेट पेशी कमी करतं. ॲलर्जीच्या ड्रॉप्समध्ये त्याचं प्रमाण साधारण ०.००५ ते ०.०२ टक्क्यांच्या आसपास असतं. आकडा लहान दिसतो, पण दिवसातून किती वेळा आणि किती महिने हे त्यात मिळवावं लागतं. दुसरं अंग औषधाचं. अँटीहिस्टामिन औषधं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत खाज आणि सूज आणणारं रसायन, अडवतात, पण त्यांतली काही अश्रुग्रंथींना मिळणारा इशाराही थोडाफार अडवतात. ओलोपॅटाडिनमध्ये हा गुण नगण्य आहे, केटोटिफेनमध्ये थोडा अधिक, आणि फेनिरामिन किंवा अँटाझोलिनसारख्या जुन्या औषधांत त्याहून जास्त.

हे कळल्यावर पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्या डोळ्यांच्या बाटल्या टेबलावर मांडणं. वेष्टणावरचं ब्रँडचं नाव सोडून द्यायचं आणि बारीक अक्षरातले घटक वाचायचे. प्रत्येक बाटलीतलं औषध, टक्केवारी आणि प्रिझर्वेटिव्ह एका कागदावर लिहायचं. मग प्रत्येकीचे दिवसातले थेंब मोजायचे. समजा ॲलर्जीचे ड्रॉप्स दिवसातून दोनदा आहेत आणि कोरडेपणासाठी घेतलेले कृत्रिम अश्रू दिवसातून सहादा. दोन्हींत बेन्झाल्कोनियम असेल तर प्रत्येक डोळ्याला दिवसातून आठ वेळा ते मिळतंय, आणि त्यातले सहा वेळा तर ओलाव्याच्या नावाखाली. काचबिंदूचे ड्रॉप्स चालू असतील तर ही बेरीज आणखी वाढते. हा कागद तपासणीला जाताना सोबत न्यावा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

कागदावर नाफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन ही नावं दिसली तर तिथे खूण करावी. लाली घालवणाऱ्या ड्रॉप्समध्ये ही असतात. ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात, डोळा थोड्या वेळासाठी पांढरा दिसतो, पण खाजेच्या मुळावर काही होत नाही. काही दिवस सलग घातले की असर उतरल्यावर लाली पहिल्यापेक्षा जास्त येते, मग पुन्हा थेंब. हे बंद केल्यावर पहिले काही दिवस डोळे अधिकच लाल दिसतात. तो टप्पा गृहीत धरून बंद करावे, नाहीतर माणूस घाबरून परत त्याच बाटलीकडे वळतो.

आता मूळ ॲलर्जीच्या औषधाचं काय? ते मनानेच एकदम थांबवू नये. ॲलर्जी मोकाट सुटली की चोळणं सुरू होतं. चोळल्याने हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशी फुटून आणखी हिस्टामिन बाहेर पडतं, आणि वर्षानुवर्षं जोरात चोळण्याचा संबंध बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराशी, म्हणजे केरॅटोकोनसशी, आहे. औषध चालू ठेवून त्याचा बोजा कमी करायचा. ओलोपॅटाडिन ०.१ टक्के दिवसातून दोनदा घालतात, ०.२ टक्के एकदाच. अल्काफ्टाडिन ०.२५ टक्केही दिवसातून एकदाच. दोनदाच्या जागी एकदा आलं की या बाटलीतून जाणाऱ्या खेपा निम्म्या होतात. तरीही नव्या बाटलीतल्या प्रिझर्वेटिव्हची टक्केवारी बघावीच, कारण एकदाच्या ड्रॉप्समध्ये ती कधीकधी जास्त असते. काही औषधं प्रिझर्वेटिव्हविरहित, एकदा वापरून टाकायच्या छोट्या नळ्यांतही मिळतात. केटोटिफेन आणि सोडियम क्रोमोग्लायकेट ही त्यांतली दोन. क्रोमोग्लायकेट दिवसातून चार वेळा घालावं लागतं आणि पूर्ण असर दिसायला दिवस, कधी आठवडेही लागतात. खाज सुरू झाल्यावर ते घेऊन तासाभरात उतार पडेल अशी अपेक्षा ठेवणारा निराश होतो. ॲलर्जीचा हंगाम ठाऊक असेल तर ते आधीपासून सुरू करण्याचं औषध आहे. यातला कुठलाही बदल डॉक्टरांना विचारून करावा, पण काय विचारायचं ते आपल्याला माहीत असलं की भेट सत्कारणी लागते.

कृत्रिम अश्रूंबाबत माझं मत पक्कं आहे: दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागणार असतील तर प्रिझर्वेटिव्हविरहितच घ्यावेत, आणि ॲलर्जीचे ड्रॉप्स चालू असताना तर चारपेक्षा कमी लागले तरीही. मधला मार्ग म्हणजे डोळ्यात गेल्यावर विघटन पावणारी प्रिझर्वेटिव्हं असलेले ड्रॉप्स. सोडियम परबोरेट आणि स्थिर केलेलं ऑक्सिक्लोरो संयुग ही त्यांतली, बेन्झाल्कोनियमपेक्षा बरीच सौम्य. घटकांत कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के असेल तर द्रव पातळ असतो, दिवसा चालतो. १ टक्का असेल तर घट्ट असतो आणि काही मिनिटं धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवण्याआधी नको. सोडियम हायल्युरोनेट ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या आसपास मिळतं. डोळा उघडा असताना ते घट्ट राहतं आणि पापणी फिरताना पातळ होतं, त्यामुळे धूसरपणा कमी आणि टिकाऊपणा बरा. दिवसभर थेंब टाकूनही चुरचुर जात नसेल तर तेलाची साय कमी पडतेय असं समजून तेलयुक्त इमल्शनचे ड्रॉप्स विचारावेत. रात्री जेल किंवा मलम.

नळीचं टोक पिरगाळून तोडल्यावर पहिला थेंब बाहेर सांडून द्यावा, तोडताना प्लॅस्टिकचा बारीक कण कडेला राहू शकतो. नळीत साधारण ०.४ मिलिलीटर द्रव असतो, दोन्ही डोळ्यांना पुरून उरतो. उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये, आत प्रिझर्वेटिव्ह नाही. काही नळ्यांना परत लावायचं टोपण असतं, त्या किती तास चालतात ते वेष्टणावर लिहिलेलं असतं. प्रिझर्वेटिव्हविरहित मोठ्या बाटल्यांना आत झडप असते. त्या दाबायला कडक वाटतात आणि थेंब क्षणभर उशिरा सुटतो. म्हणून घाईत जोर लावला की दोनतीन थेंब वाया जातात. उलटी धरून सावकाश दाब वाढवावा.

थेंब घालण्याची पद्धत सगळ्यांना येते असं वाटतं, पण निम्मा कोरडेपणा इथेच वाढतो. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या खोबणीत मावतं ते २० ते ३० मायक्रोलिटर. म्हणजे एक थेंबसुद्धा पूर्ण मावत नाही. दोन थेंब टाकले तर औषध वाढत नाही, फक्त असलेले अश्रू धुऊन निघतात आणि गालावर ओघळतात. हात धुवायचे, मान मागे टाकायची, खालची पापणी बोटाने हलकी ओढून खोबण करायची, वर बघायचं, बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना न लावता एकच थेंब सोडायचा. मग डोळा हलकेच मिटायचा. घट्ट आवळायचा नाही आणि पापण्या मिचकवत राहायचं नाही, त्याने पंपासारखं औषध नाकाकडे ओढलं जातं. नाकाकडच्या कोपऱ्यात, हाड लागतं तिथे, तर्जनीने एकदोन मिनिटं हलका दाब द्यायचा. थोड्या वेळाने घशात कडू चव आली तर दाब चुकीच्या जागी पडतोय किंवा लवकर सुटतोय. बाहेर आलेला द्रव स्वच्छ टिश्यूने टिपून घ्यायचा. तो पापणीवर वाळू दिला तर कडा लाल होतात, आणि त्यालाही लोक ॲलर्जीच म्हणतात.

दोन वेगळे ड्रॉप्स घालायचे तर मध्ये निदान पाच मिनिटं, शक्यतो दहा मिनिटं जाऊ द्यावीत. लगेच घातलेला दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. क्रम असा: आधी ॲलर्जीचं औषध, मग कृत्रिम अश्रू, त्यातही पातळ आधी आणि घट्ट नंतर, मलम सगळ्यात शेवटी. मलमानंतर पातळ थेंब घातला तर तो तेलकट थरावरून घसरून जातो. या क्रमाला एक अपवाद आहे. बाहेरून धूळ किंवा परागकण घेऊन घरी आलो असू तर पहिल्यांदा कृत्रिम अश्रूंनी डोळे धुवावेत, दहा मिनिटं थांबावं आणि मग औषध घालावं. ॲलर्जी करणारा कण डोळ्यात तसाच ठेवून त्यावर औषध घालण्यात अर्थ नाही.

कृत्रिम अश्रू ॲलर्जीवरही काम करतात, ते असे. पातळ झालेल्या, फाटक्या थरात परागकण आणि धुळीचे कण जास्त वेळ चिकटून राहतात, विरळ होत नाहीत, वाहून जात नाहीत. डोळा कोरडा पडला की ॲलर्जी वाढते, ॲलर्जी वाढली की ड्रॉप्स वाढतात, ड्रॉप्स वाढले की डोळा आणखी कोरडा. हे चक्र तोडण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे ओलावा. मी प्रिझर्वेटिव्हविरहित अश्रू फ्रिजमध्ये ठेवतो, दाराच्या खणात, फ्रीझरमध्ये नाही. गार थेंबाने खाज त्या क्षणी शमते आणि औषधाचा वरचा डोस टळतो. नळाच्या पाण्याचा हबका मात्र उघड्या डोळ्यांत मारू नये. ते अश्रूंपेक्षा कमी खारट असतं म्हणून जळजळ वाढते, आणि त्यात जंतूही असू शकतात. डोळे मिटून पापण्या आणि पापण्यांचे केस धुवायला तेच पाणी चालतं, आणि बाहेरून आल्यावर ते करावंच.

शेकण्याबाबत गोंधळ होतो, कारण दोन्ही सल्ले बरोबर असतात, वेळ वेगळी असते. खाज आणि सूज असताना गार पट्टी, पाच ते दहा मिनिटं. पापण्यांतलं तेल घट्ट होऊन अडकलं असेल तर सुमारे ४० अंश सेल्सिअसचा ऊबदार शेक, तितकाच वेळ, आणि मग पापणीच्या कडेकडे बोटाने हलका मसाज. खाज चढलेली असताना ऊब दिली तर रक्तवाहिन्या पसरून ती वाढते. म्हणून ऊब खाज शांत असेल त्या वेळी.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. मऊ लेन्स बेन्झाल्कोनियम शोषून घेतात आणि दिवसभर सावकाश डोळ्यात सोडतात. लेन्स काढून थेंब घालावेत आणि निदान दहा ते पंधरा मिनिटांनी परत लावाव्यात. डोळा लाल असेल तर लावूच नयेत.

पोटात घ्यायच्या गोळ्यांचा विचार बहुतेक जण करत नाहीत. सेटिरिझिन, लोराटाडिन यांनी अश्रू कमी होऊ शकतात, क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी तर जास्तच. त्रास फक्त डोळ्यांचा असेल तर गोळी घेण्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावं. नाकही वाहत असेल तर नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेने अनेकांची डोळ्यांची खाजही कमी होते आणि डोळ्यांत घालायचे थेंब कमी करता येतात.

स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या लवण्याचा वेग निम्म्याहून खाली जातो. शिवाय अर्धवट लवल्याने खालच्या भागातलं तेल वर पसरत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघावं आणि त्या वेळात सावकाश, पूर्ण पापण्या मिटाव्यात. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली ठेवली की डोळे कमी उघडे राहतात आणि बाष्पीभवन घटतं.

बदल केल्यावर किती दिवस वाट बघायची? बुबुळावरच्या वरच्या पेशी साधारण आठवडा-दहा दिवसांत नव्याने येतात, त्यामुळे टोचणं आधी कमी होतं. संध्याकाळचा पुसटपणा आणि थराचा टिकाऊपणा सुधारायला महिनाभर लागू शकतो, गॉब्लेट पेशींना त्याहून जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बाटल्या एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

एवढं करूनही फरक नसेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स देऊ शकतात. ते सूज आणि कोरडेपणा दोन्हींवर काम करतात, सुरुवातीला झोंबतात आणि असर दिसायला काही आठवडे ते महिने लागतात. लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन ही स्टेरॉइड्स खाज झपाट्याने उतरवतात, म्हणूनच जपून. जास्त दिवस चालली तर डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू होऊ शकतो. जुनी चिठ्ठी दाखवून ती परत आणू नयेत. अश्रूंचा निचरा रोखणारे प्लग सुचवले गेले तर ॲलर्जी आटोक्यात आहे का ते आधी विचारावं. सुजेची रसायनं असलेले अश्रू डोळ्यात कोंडले तर त्रास वाढतो.

दुखणं, उजेड सहन न होणं, पापण्या मिटूनही न जाणारा पुसटपणा, एकाच डोळ्याची लाली, घट्ट पिवळी चिपडं, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा: यातलं काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवून त्याच दिवशी दाखवावं.

ॲलर्जीचा हंगाम ओसरला की औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावं, पण कृत्रिम अश्रू लगेच सोडू नयेत. आणखी काही आठवडे चालू ठेवून चारवरून तीन, तीनवरून दोन असे कमी करावेत. सेकंद मोजण्याची चाचणी दर आठवड्याला त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी, करावी. आकडा घसरला तर एक पायरी परत चढावी. बाटली उघडलेली तारीख पेनने वेष्टणावर लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यावर चार आठवडेच चालतात, त्यामुळे उरलेलं औषध पुढच्या हंगामासाठी न ठेवता टाकून द्यावं.